अतिवास्तव डिजिटल कोलाजची मालिका कशी घडवावी

एक अतिवास्तव कोलाज (कापलेले फोटो जोडून रचलेले, स्वप्नात शोभेल असे चित्र) करणे आणि अशा कोलाजांची मालिका करणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. एकटे चित्र केवळ विचित्रपणाच्या जोरावर उभे राहू शकते; पाहणारा दचकतो, क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. मालिकेतल्या दुसऱ्या चित्रापाशी येईपर्यंत मात्र तोच पाहणारा विचित्रपणाला सरावलेला असतो, आणि तिसऱ्या चित्रापासून तो या जगात काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही याचा अंदाज बांधू लागतो. तो अंदाज बांधण्याजोगे काही चित्रांमध्ये नसेल, तर दहा चित्रे एकाखाली एक लावूनही मालिका होत नाही. त्यामुळे या कामाची सुरुवात फोटो गोळा करण्यापासून न करता नियम ठरवण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सगळी तांत्रिक माहिती त्या नियमाच्या अनुषंगानेच दिली आहे.

सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. फोटोशॉप, ॲफिनिटी, गिंप, क्रिटा किंवा ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी यांपैकी ज्यावर हात बसलेला आहे ते घ्यावे. लेअर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), लेअर मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा), ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळावा ते ठरवणारी सोय), कर्व्हज (उजळपणा आणि रंग बदलणारी वक्ररेषा) आणि चित्राला ताणण्या-वाकवण्याची साधने एवढे त्यात असले की पुरे. मेन्यूतली नावे थोडीफार बदलतील, कामाची रीत बदलत नाही.

आधी झालेल्या मालिकांकडून काय घ्यावे

फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेताँ यांचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ सालचा. त्याआधीच हाना होख आणि बर्लिनमधल्या इतर दादावादी (रूढ कलेला धुडकावणाऱ्या) कलावंतांनी मासिकांतले फोटो कापून फोटोमाँटाज, म्हणजे फोटोंचे कोलाज, करायला सुरुवात केली होती. मालिकेच्या दृष्टीने मात्र दोन कलावंतांचे काम बारकाईने पाहावे, असे मी सुचवेन.

पहिले जर्मन अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्ट. १९३४ साली पाच पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध झालेली त्यांची कोलाज-कादंबरी आठवड्याच्या वारांनुसार विभागलेली आहे आणि प्रत्येक वाराला एक तत्त्व नेमून दिलेले आहे. सोमवारचे तत्त्व पाणी असल्यामुळे त्या भागात सभ्य, सजवलेल्या खोल्यांमधून पाणी शिरताना दिसते. मंगळवारचे तत्त्व अग्नी. तिथे ड्रॅगन आणि पंख अवतरतात. चित्रांची संख्या मोठी असूनही वाचक भरकटत नाही, कारण प्रत्येक विभागाचा कायदा त्याला दोन-तीन पानांत कळलेला असतो. दुसरी बाब तंत्राची आहे. अर्न्स्ट यांनी कापलेली चित्रे जवळजवळ सगळी एकोणिसाव्या शतकातल्या छापील पुस्तकांतली, लाकडी ठशांवर कोरलेल्या रेषांची होती. मूळ साहित्याचा पोत एकच असल्यामुळे सिंहाचे डोके माणसाच्या खांद्यांवर ठेवले तरी सांधा डोळ्यांना खुपत नाही. सगळे साहित्य एकाच जातीचे निवडले की अर्धे जोडकाम निवडीतच होऊन जाते, हे डिजिटल कामातही तितकेच खरे आहे.

दुसऱ्या ग्रेटे स्टर्न. जर्मनीत जन्मलेल्या आणि ब्युनोस आयरेसमध्ये स्थायिक झालेल्या या छायाचित्रकार स्त्रीने १९४८ ते १९५१ या काळात एका साप्ताहिकासाठी शंभराहून अधिक फोटोमाँटाज केले. स्त्री-वाचक आपली स्वप्ने पत्राने कळवत आणि स्टर्न त्यांवर चित्र रचत. त्यांतल्या एका प्रसिद्ध चित्रात टेबललॅम्पच्या दांड्याच्या जागी एक स्त्री गुडघ्यांवर बसलेली आहे आणि पुरुषाचा भलामोठा हात बटणाकडे आलेला आहे. चित्रात अशक्य गोष्ट एकच, ती म्हणजे आकारमानाची. प्रकाश आणि पोत अगदी साधे, घरगुती आहेत. ही काटकसर शिकण्यासारखी आहे.

विषय आणि नियम

‘एकटेपणा’, ‘निसर्ग आणि यंत्र’, ‘आठवणी’ हे विषय आहेत. त्यांतून काहीही काढता येते, म्हणून त्यांच्या आधाराने निर्णय घेता येत नाही. नियम असा हवा की तो एका वाक्यात लिहिता यावा आणि त्या वाक्यामुळे काही चित्रे आपोआप बाद व्हावीत. या लेखात उदाहरणादाखल एकच नियम शेवटपर्यंत वापरतो: ‘प्रत्येक चित्रात घरातल्या एकाच वस्तूला बाहेरचा ऋतू लागतो, खोलीतल्या दुसऱ्या कशालाही त्याची झळ पोचत नाही, आणि माणूस दिसत नसला तरी तो नुकताच उठून गेलेला आहे.’

या वाक्याचे तीन तुकडे तीन वेगळी कामे करतात. पहिला तुकडा अशक्य गोष्ट ठरवतो. दुसरा तिला मर्यादा घालतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण कपाटात पाऊस पडत असताना खालची फरशी कोरडी ठेवायची की ओली, या प्रश्नाचे उत्तर तो देतो. तिसरा तुकडा चित्राला भावना देतो; अर्धवट सरकवलेली खुर्ची, उशीवरचा खळगा, उलटे ठेवलेले पुस्तक अशा खुणा त्यातून सुचतात. नियमात असा तिसरा तुकडा नसेल तर चित्रे चलाख होतात, पण मनात रेंगाळत नाहीत.

नियम ठरला की सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी चित्रांची वाक्ये लिहून काढावीत. ‘पलंगावरच्या चादरीला दुष्काळ पडला आहे.’ ‘भिंतीवरच्या घड्याळाला मोहोर आला आहे.’ ‘कपड्यांच्या कपाटात पाऊस सुरू आहे.’ अशी निदान पंधरा-वीस वाक्ये व्हावीत. पहिल्या झटक्यात सुचलेली बहुतेक वाक्ये सर्वांनाच सुचणारी असतात; खुर्चीला पालवी फुटणे हे त्याचे ठळक उदाहरण. ती निर्दयपणे काढून टाकावीत. उरलेल्यांतून सात ते नऊ चित्रांची मालिका सहज उभी राहते, आणि नवख्या कलावंताने यापेक्षा मोठा घाट घालू नये.

याच टप्प्यावर कोणत्या गोष्टी सर्व चित्रांत सारख्या राहतील हेही लिहून ठेवावे. चित्राचा आकार आणि उभे-आडवेपण, कॅमेऱ्याची उंची, प्रकाश येण्याची बाजू आणि मोजके रंग या चार गोष्टी घट्ट धरल्या, तर वस्तू, ऋतू आणि खोली मोकळेपणाने बदलता येतात. एखाद्या चित्रात यांतली एखादी गोष्ट जाणूनबुजून मोडायची असेल तर ते चित्र मालिकेच्या उत्तरार्धात ठेवावे. पाहणाऱ्याला नियम कळण्याआधीच अपवाद दाखवला तर तो अपवाद म्हणून ओळखूच येत नाही.

साहित्य गोळा करणे

शक्य तितके फोटो स्वतः काढावेत. कोलाजसाठी फोटो काढताना सुंदर फोटोपेक्षा जुळणारा फोटो हवा असतो, म्हणून एकाच लेन्सने किंवा फोनच्या एकाच कॅमेऱ्याने, ठरलेल्या उंचीवरून आणि ठरलेल्या बाजूच्या खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावेत. वस्तूभोवती मोकळी जागा सोडावी; फ्रेमच्या कडेला कापली गेलेली वस्तू पुढे कशातही बसत नाही. वस्तू उचलून घेतल्यावर त्याच जागेचा रिकामा फोटोही घ्यावा. तिच्यामागची भिंत किंवा फरशी पुढे लागतेच.

बाकीच्यासाठी मुक्त संग्रह आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये आणि स्मिथसोनियन संस्थेने २०२० मध्ये आपल्या संग्रहांतील लाखो प्रतिमा सीसी झीरो (कोणतीही अट न घालणाऱ्या) परवान्याखाली खुल्या केल्या. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्याकडेही मोठ्या आकाराच्या फाइल मिळतात. तरीही परवाना संस्थेचा न पाहता त्या-त्या प्रतिमेचा पाहावा, कारण एकाच संस्थळावर मुक्त आणि बंधनातल्या अशा दोन्ही प्रतिमा शेजारी-शेजारी असू शकतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ‘बीवाय’ असेल तर श्रेय देणे बंधनकारक असते, ‘एसए’ असेल तर आपले चित्रही त्याच अटींवर द्यावे लागते, आणि ‘एनडी’ असेल तर फेरफार केलेले रूप प्रसिद्ध करण्याची परवानगी नसते. म्हणजे कोलाजसाठी ती प्रतिमा निरुपयोगी आहे. शोधयंत्रात दिसणारी प्रतिमा मोफत असते हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

प्रतिमा उतरवून घेताना त्याच क्षणी एका तक्त्यात फाइलचे नाव, मूळ ठिकाण, परवाना आणि कोणत्या चित्रात वापरणार हे नोंदवावे. मालिका पूर्ण झाल्यावर हे शोधत बसणे अत्यंत कंटाळवाणे असते.

छापील पुस्तकातले चित्र स्कॅन करायचे असेल तर ६०० पीपीआयवर (दर इंचाला ६०० पिक्सेल) करावे आणि आकार नंतर कमी करावा. छपाईच्या ठिपक्यांची जाळी कमी रिझोल्यूशनवर स्कॅन झाली की चित्रावर लाटांसारखे पट्टे उमटतात आणि ते काढता काढता बारकावेही जातात.

फाइलची मांडणी

एक मूळ नमुना फाइल करावी आणि प्रत्येक चित्र तिच्याच प्रतीवर रचावे. ए-थ्री आकारात ३०० पीपीआयने छापायचे असेल तर फाइल ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची लागते. आकाश, भिंती, धुके असे हळुवार बदलणारे रंग चित्रात असतील तर १६ बिटमध्ये (रंगांच्या अधिक बारीक छटा साठवणाऱ्या प्रकारात) काम करावे. ८ बिटमध्ये कर्व्हजची दोन-तीन वळणे दिली की अशा भागांत पट्टे दिसू लागतात. फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबीपर्यंतच जतन होते, त्यापुढे पीएसबी प्रकार निवडावा लागतो.

आणलेला प्रत्येक तुकडा स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवावा. साध्या लेअरला लहान करून पुन्हा मोठे केले की पिक्सेल कायमचे हरवतात. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मूळ प्रतिमा शाबूत राहते. खोडरबर वापरूच नये. जे नको ते लेअर मास्कवर काळ्या रंगाने झाकावे, म्हणजे पांढऱ्या रंगाने ते केव्हाही परत आणता येते. लेअरना नावे देण्याचा आळस करू नये, एवढे सांगून हा विषय संपवतो.

कापणे आणि बसवणे

कठीण, स्वच्छ कडांच्या वस्तू पेन टूलने (बिंदू जोडून रेषा आखणाऱ्या साधनाने) कापाव्यात. बिंदू जितके कमी तितकी वळणे सफाईदार येतात. कापताना रेषा वस्तूच्या कडेवरून न नेता एक-दोन पिक्सेल आतून न्यावी, कारण अगदी कडेच्या पिक्सेलमध्ये जुन्या पार्श्वभूमीचा रंग मिसळलेला असतो आणि नव्या जागी तोच फिकट किनार म्हणून चमकतो. केस, गवत, पिसे यांसाठी सिलेक्शनची स्वयंचलित साधने आता चांगले काम करतात. त्यांनी ८०-९० टक्के काम केले की उरलेले मास्कवर बारीक ब्रशने हातानेच पुरे करावे.

कडेची धारही जागेप्रमाणे ठेवावी. दूरवर, किंचित धूसर भागात ठेवलेल्या वस्तूची कड पुढच्या वस्तूइतकीच धारदार राहिली, तर ती वरून चिकटवल्यासारखी दिसते. मास्कला अर्ध्या ते एका पिक्सेलचा फेदर (कडेचा मऊपणा) देऊन पाहावा आणि शेजारच्या मूळ वस्तूच्या कडेशी २०० टक्के झूमवर ताडून पाहावा.

यापेक्षा खूप महत्त्वाची गोष्ट क्षितिजरेषा ही आहे, आणि बहुतेक फसलेली कोलाजे इथेच फसलेली असतात. फोटोतली क्षितिजरेषा म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची. माणसाच्या उंचीवरून घेतलेल्या सपाट जमिनीच्या फोटोत उभी माणसे जवळ असोत वा दूर, त्यांची डोकी साधारण एकाच रेषेवर येतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर असेल तर क्षितिजरेषा प्रत्येकाच्या कमरेतून जाते. हा नियम वस्तूंनाही लागू आहे. मूळ फोटोत क्षितिजरेषा टेबलाच्या वरून जात असेल तर टेबलाचा पृष्ठभाग दिसतो. असे टेबल, जिथे क्षितिजरेषा टेबलाच्या खालून जाते अशा खोलीत ठेवले, तर रंग-प्रकाश कितीही जुळवले तरी ते घसरून पडणार असे वाटत राहते. खोलीच्या फोटोत क्षितिज दिसत नाही, तेव्हा फरशीच्या किंवा भिंतीच्या समांतर रेषा लांबवून त्या जिथे मिळतात तो बिंदू काढावा आणि त्यातून एक आडवी रेषा वेगळ्या लेअरवर ठेवावी. प्रत्येक नव्या तुकड्याची क्षितिजरेषाही अशीच काढून तिच्याशी जुळवावी. तुकडा जुळत नसेल तर वाकवत बसण्यापेक्षा दुसरा शोधणे लवकर होते.

एक चित्र जवळून: चादरीला पडलेला दुष्काळ

खोलीत डाव्या बाजूला खिडकी आहे, पलंगावर उशीवरूनही पसरलेली पांढरी चादर आहे, उशीवर डोक्याचा खळगा आहे. चादरीच्या जागी भेगाळलेली, सुकलेली तळ्याची माती आणायची आहे.

मातीचा फोटो निवडताना पहिली परीक्षा कोनाची. अगदी वरून घेतलेला फोटो पलंगाच्या पातळीवर ताणून बसवता येतो, पण त्यात भेगांची खोली दिसत नाही. तिरप्या नजरेने पाहताना प्रत्येक भेगेची पलीकडची भिंत दिसते आणि मातीला जाडी असल्याची जाणीव त्यामुळेच होते. म्हणून पलंगाच्या फोटोइतक्याच तिरप्या कोनातून घेतलेला मातीचा फोटो शोधावा.

दुसरी परीक्षा उजेडाची. खिडकी डावीकडे असेल तर भेगांच्या उजव्या भिंती उजळलेल्या आणि डाव्या भिंती सावलीत हव्यात. मातीच्या फोटोत नेमके उलटे असेल तर तो आडवा पलटून घ्यावा, प्रश्न मिटतो. माती भरदुपारच्या उन्हात टिपलेली असेल आणि भेगांत नुसती काळी रेघ दिसत असेल तर तो फोटो सोडून द्यावा, कारण फोटोत मुळातच पडलेली सावली बदलणे जवळजवळ अशक्य असते.

तिसरी परीक्षा प्रमाणाची. मातीची खापरे फार लहान ठेवली तर तो पोत चामड्यासारखा दिसतो, फार मोठी ठेवली तर फरशीसारखा. उशीच्या रुंदीत चार-पाच खापरे बसतील एवढा आकार पहिल्या नजरेला माती म्हणूनच ओळखू येतो.

आता माती चादरीवर चढवायची. चादरीचा भाग वेगळ्या लेअरवर घेऊन कृष्णधवल करावा, थोडा धूसर करावा आणि स्वतंत्र पीएसडी म्हणून जतन करावा. मातीच्या लेअरवर डिस्प्लेस फिल्टर लावून त्याला ही फाइल नकाशा म्हणून द्यावी. नकाशातला मधला करडा रंग पिक्सेल जागचे हलवत नाही. उजळ आणि गडद भाग त्यांना परस्परविरुद्ध दिशांना सरकवतात. त्यामुळे भेगा चादरीच्या वळ्यांवरून चढतात-उतरतात. प्रमाण कमी ठेवून सुरुवात करावी; जास्त झाले की माती वितळल्यासारखी दिसते. उशीचा गोलवा मात्र या फिल्टरने पुरेसा येत नाही, तिथे वार्पच्या (चित्र वाकवणाऱ्या साधनाच्या) जाळीने हातानेच वळण द्यावे. त्यानंतर कृष्णधवल चादरीची एक प्रत मातीच्या वर मल्टिप्लाय (खालचा थर गडद करणाऱ्या) मोडमध्ये ठेवून ओपॅसिटी (थराची अपारदर्शकता) कमी करावी, म्हणजे वळ्यांच्या खऱ्या सावल्या मातीवर उतरतात.

इथून पुढचे निर्णय नियमावर सोपवावेत. जमिनीवर धूळ पडलेली दाखवायची का? नाही, दुसऱ्या कशालाही झळ पोचत नाही असे ठरलेले आहे. चादरीची शिवलेली कड मात्र ठेवावी, माती त्या शिलाईपाशी थांबावी आणि तिच्या कडेला काही मिलिमीटर जाडी दिसावी, कारण चादर अजून चादरच आहे, तिला फक्त ऋतू लागला आहे. उशीवरच्या खळग्यात भेगा बारीक आणि दाट कराव्यात, म्हणजे तिथे नुकताच कोणाचा तरी भार होता हे जाणवते. भिंतीवर, पलंगाला लागून, तपकिरी रंगाचा अगदी पुसट परावर्तित उजेड सॉफ्ट लाइट मोडमध्ये मोठ्या मऊ ब्रशने द्यावा. याने नियम मोडत नाही. उजेड सगळ्या वस्तूंना सारखाच लागू असतो, आणि भौतिक जग जितके प्रामाणिक राहील तितकी ती एक अशक्य गोष्ट अधिक खरी वाटते.

सावली, रंग आणि ग्रेन

सावली ड्रॉप शॅडोच्या तयार इफेक्टने कधीही पाडू नये. तो वस्तू कागदावर तरंगत असल्यासारखी सावली देतो. सावलीचे दोन भाग करावेत. वस्तू जिथे टेकते तिथली अरुंद, सर्वांत गडद संपर्क-सावली एका लेअरवर आणि प्रकाशाच्या विरुद्ध दिशेला लांबत जाणारी, दूर जाताना फिकट व धूसर होणारी सावली दुसऱ्या लेअरवर, दोन्ही मल्टिप्लाय मोडमध्ये. रंग काळा न घेता त्याच खोलीतल्या खऱ्या सावलीतून उचलावा. नीट पडलेली संपर्क-सावली वस्तूला जमिनीवर जितकी घट्ट बसवते तितके दुसरे काहीच बसवत नाही.

रंग जुळवण्याआधी उजळपणा जुळवावा. सर्वांत वर एक कृष्णधवल ॲडजस्टमेंट लेअर ठेवून पाहिले की कोणता तुकडा अवाजवी गडद किंवा फिकट आहे ते लगेच उघडे पडते. मग त्या तुकड्यालाच क्लिप केलेल्या (फक्त त्याच्यावरच परिणाम करणाऱ्या) कर्व्हजने आधी त्याचा सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा बिंदू शेजारच्या भागाशी जुळवावा. दूरच्या वस्तूंचे काळे कधीच पूर्ण काळे नसते, हवेमुळे ते उचललेले असते; कर्व्हचे खालचे टोक थोडे वर घेतले की अंतर निर्माण होते. त्यानंतर कृष्णधवल लेअर बंद करून सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) कमालीचे वाढवणारा तपासणी-लेअर लावावा. साध्या नजरेला न दिसणारा निळसर किंवा पिवळसर फरक त्यात ढळढळीत दिसतो. तो कर्व्हजच्या लाल-हिरव्या-निळ्या वाहिन्यांतून दुरुस्त करावा आणि तपासणी-लेअर काढून टाकावा.

सगळ्यात शेवटी ग्रेन, म्हणजे चित्रावरचा बारीक रवाळपणा. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून आलेल्या तुकड्यांचा नॉइज (कॅमेऱ्याने आणलेले बारीक ठिपके) वेगळा असतो, म्हणून शक्य तिथे आधी तो कमी करून मग संपूर्ण चित्रावर एकसारखा ग्रेन चढवावा. ५० टक्के करड्या रंगाचा लेअर ओव्हरले मोडमध्ये घेऊन त्यावर एकरंगी नॉइज द्यावा आणि अगदी किंचित धूसर करावा. सर्व चित्रांत हाच लेअर, याच ओपॅसिटीने वापरावा.

चित्रांची मालिका होताना

तिसरे चित्र पूर्ण झाले की पुढे जाण्याआधी तिन्ही चित्रे लहान आकारात एका पानावर शेजारी ठेवावीत, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या चित्राने हे पान वाढवत न्यावे. लहान आकारात तपशील दिसेनासे होतात आणि रचना, उजेडाची बाजू, रंगांचा तोल एवढेच उरते. मालिका एकत्र बांधली जाते ती याच गोष्टींनी. एखादे चित्र पानावर एकटे पडत असेल तर प्रथम त्याचा एकूण उजळपणा तपासावा, मग रंग. तरीही ते बसत नसेल तर ते स्वतंत्र चित्र म्हणून कितीही आवडते असो, मालिकेतून काढावे. हे करणे जड जाते, पण जे चित्र सर्वांत मेहनतीने केलेले असते तेच अनेकदा सर्वांत वेगळ्या सुरात बोलत असते.

सर्व चित्रांवर शेवटी एकच रंगसंस्कार चढवावा. एका चित्रावर कर्व्हज, ग्रेडियंट मॅप (गडद-उजळ छटांना ठरवलेले रंग देणारे साधन) वगैरेंनी तो नीट साधला की त्याचा लेअर-गट बाकीच्या फाइलमध्ये ओढून न्यावा आणि ओपॅसिटी २० ते ४० टक्क्यांच्या आसपास ठेवून पाहावी.

क्रम लावताना सर्वांत स्पष्ट चित्र पहिले ठेवावे, कारण नियम समजावून देणे हे त्याचे काम आहे. सर्वांत विलक्षण चित्र दुसऱ्या-तिसऱ्या जागी खर्च करू नये. शेजारच्या दोन चित्रांत तोच ऋतू किंवा तेवढ्याच आकाराची वस्तू येऊ देऊ नये. पलंगानंतर चहाचा कप आला की पाहणाऱ्याची नजर पुन्हा सावध होते. नावे देताना चित्राचा अर्थ सांगणारी नावे टाळावीत. ‘विरहाचा दुष्काळ’ हे नाव चित्राचे दार बंद करते, ‘चादर, मे महिना’ ते उघडे ठेवते. मालिकेतली सगळी नावे एकाच घडणीची असली तर तीही नियमाचाच भाग होतात.

वेबसाठी एसआरजीबी (पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगांच्या) प्रोफाइलमध्ये, लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास ठेवून जेपेग काढावे. आकार कमी झाल्यावर ग्रेन विरून जातो आणि कडा मऊ पडतात, म्हणून लहान केलेल्या प्रतीवरच हलके शार्पनिंग करावे आणि ग्रेन पुन्हा थोडा द्यावा. छपाईसाठी लेअर एकत्र केलेली टिफ फाइल द्यावी, आणि छपाई करणाऱ्याकडून त्याच्या कागदाचे प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात याची फाइल) मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा अंदाज, पाहावा. पडद्यावर दिसणारे गडद भागांतले बारकावे, विशेषतः मॅट कागदावर, बरेचदा बुडतात. म्हणून पूर्ण मालिका छापण्याआधी सर्वांत गडद चित्राची एक लहान पट्टी खऱ्या कागदावर छापून घ्यावी आणि ती दिवसाच्या उजेडात पाहावी. त्या पट्टीवरून जो कर्व्ह ठरेल तो सर्व चित्रांना सारखाच लावावा, लेअरसह मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जतन कराव्यात, आणि साहित्याच्या तक्त्यातून श्रेयनामावली तयार करून ती मालिकेसोबत जोडावी.